हाय म्हणजे हाय

मार्क उजागरेला या सगळ्यात काय मिळणार होतं, ते आधी बघू. चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरीला पगार नसतो, म्हणून भोळी माणसं म्हणतात, त्यात मिळायचंय काय? मिळायचं पुष्कळ असतं. व्यासपीठाच्या उजवीकडं पाळकसाहेबांच्या शेजारी हातांची खुर्ची. बाकी सगळे बाकांवर. दर रविवारी सूचना वाचायला माईक, आणि सूचना किती वेळ वाचाव्यात याला कुठल्याही शास्त्रात मर्यादा घातलेली नाही. लग्नाच्या पंगतीत पाळकसाहेबांनंतरचं पहिलं ताट. आणि या वर्षी खास म्हणजे कोनशिला. मंडळीचा नवा हॉल नाताळाच्या आदल्या रविवारी उघडायचा होता आणि त्याच्या दर्शनी भिंतीत काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत दोन नावं बसायची होती. वर पाळक, खाली सेक्रेटरी. मार्क चव्वेचाळीस वर्षांचा झाला तरी त्याचं नाव आजवर रेशनकार्ड आणि कंपनीचं हजेरीपत्रक सोडून कुठं छापून आलं नव्हतं. दगडावरची गोष्टच वेगळी.

अडचण एवढीच की सेक्रेटरी योहान होता, मार्कचा सख्खा चुलतभाऊ. दोघं नागापूरला एकाच कंपनीत. योहान लेथवर, मार्क स्टोअरमध्ये. हॉलच्या पायापासून स्लॅबपर्यंत योहान दोन वर्षं रोज शिफ्ट सुटल्यावर तिथं उभा राहिला होता, विटांवर पाणी मारत, गवंड्यांशी भांडत. मार्कही यायचा. तो उद्घाटनाच्या कार्यक्रमपत्रिकेबद्दल सूचना करायचा.

योहानाला दगडाचा मोह नव्हता असं कोणी समजू नये. ग्रॅनाइटचा नमुना घरी आणून त्यानं तो फिलोमिनाला तीनदा दाखवला होता. "अक्षरं इंचाची घ्यावीत का सव्वा इंचाची?" असं तो विचारायचा. फिलोमिना मूळची राहात्याकडची, कॅथलिक घरातली. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मंडळीच्या बायका तिला मागून 'रोमन' म्हणायच्या, त्यामुळं या मंडळीबद्दल तिचं मत पक्कं झालेलं होतं. "दीड इंचाची घ्या," ती म्हणायची, "म्हंजी लांबून बी जळतील."

जळायला मार्कला जवळचं अक्षरही पुरलं असतं. पण चुलतभावाला काढायचं तर कारण लागतं, आणि ते कारण योहानाच्या उजव्या डोळ्यात आयतं तयार होतं.

गेली नऊ वर्षं दिवाळी संपली की योहानाचं डोकं सुरू व्हायचं. डोकं म्हणणंही चूक. उजव्या डोळ्याच्या मागं, एका बोटाएवढ्या जागेत, कोणीतरी तापलेली सळई घालून फिरवल्यासारखं. दिवसा एकदा, रात्री एकदा, आणि तेही घड्याळ लावून. दुपारी एक वाजून दहा मिनिटं, रात्री दोन. पाऊण तास, कधी दीड तास. अर्धशिशीवाला माणूस अंधारात पडून राहतो. याला पडवत नाही, बसवत नाही. हा येरझारा घालतो, भिंतीवर कपाळ आपटतो. उजवा डोळा लाल होऊन गळतो, पापणी खाली येते, उजवीच नाकपुडी वाहते. दीड महिन्यानं सगळं बंद, जणू कधी नव्हतंच. पुढच्या दिवाळीपर्यंत.

कंपनीत एकची सुट्टी झाली की योहान टूलरूमच्या मागं जायचा आणि दोनच्या सुमाराला लाल डोळा, पडलेली पापणी आणि घामानं भिजलेला शर्ट घेऊन बाहेर यायचा. स्टोअरच्या खिडकीतून मार्कला ते दिसायचं. त्यानं कधी जाऊन विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळाल्यावर संशय उपयोगाचा राहत नाही.

न विचारता बोलणाऱ्यांची मात्र कमी नव्हती. नऊ वर्षांत योहानाला सदतीस जणांनी उपाय सांगितले, आणि त्या सदतिसांपैकी 'कसं दुखतं रे?' असं एकानंही विचारलं नाही. सूर्य उगवायच्या आत गरम जिलबी आणि दूध, हा उपाय नऊ जणांनी सांगितला, प्रत्येकानं स्वतः शोधून काढल्यासारखा. त्यानं योहानाचं वजन सहा किलो वाढलं. दातांच्या डॉक्टरनं वरच्या दोन दाढा काढल्या. त्या निरोगी होत्या हे काढल्यावर कळलं. सासुरवाडीनं हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे मारियामातेला, नवस बोलला. ते कळल्यावर मंडळीतल्या प्रार्थना गटानं ईर्ष्येनं येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवून दोन तास प्रार्थना केली. त्यातली चाळीस मिनिटं तो आतून किंचाळत होता आणि ते 'आमेन' म्हणत होते. शेवटी नगरमधल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटं नीट ऐकून घेतलं आणि नाव सांगितलं, क्लस्टर डोकेदुखी. गोळ्या लिहून दिल्या आणि दुखणं उठलं की ओढायला ऑक्सिजन, मोठ्या धारेचा, पिशवीच्या मास्कमधून. निम्म्या वेळा त्यानं दुखणं पंधरा-वीस मिनिटांत उतरायचं. उरलेल्या निम्म्या वेळा नाही.

त्याच दवाखान्याच्या बोळात त्याला कानिफनाथ भेटला. राहात्याचा टेम्पोवाला, रात्री पेरू घेऊन मार्केटला निघणारा. हा गडी पाण्याच्या कूलरच्या गार पत्र्याला कपाळ लावून उभा होता आणि हळूहळू डोकं आपटत होता. त्याचा लाल डोळा बघून योहान थांबला.

"उजवा का?" योहान म्हणाला.

"उजवा," कानिफनाथ मान न वळवता म्हणाला. "तुमचा?"

"उजवाच."

"किती वाजता येतं?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला बरोबर प्रश्न विचारला होता.

दोघांचे सात झाले आणि मोबाईलवर ग्रुप निघाला. नाव 'थर्ड शिफ्ट'. कानिफनाथ त्या दुखण्याला 'गळीत हंगाम' म्हणायचा. "कारखान्याचा बॉयलर पेटला की आपला डोळा चरकात," म्हणायचा. "फरक येवढाच, आपला रस निगतो पन साखर न्हाई हुत." ग्रुपचे नियम दोन. पहिला, उपाय सांगायचा नाही. एका नव्या सभासदानं तिसऱ्याच दिवशी जिलबीचं लिहिलं, त्याला त्याच मिनिटाला बाहेर काढलं. दुसरा, कोण कोण आहे हे बाहेर बोलायचं नाही.

दुसरा नियम विजयमालेसाठी केला होता. ती सोनईची, घरच्याच दूध संकलन केंद्रावर बसणारी, नवरा वाल्मिक, मुलगी सुकन्या. तिला डाव्या डोळ्यात यायचं, रात्री तीनला. ती गोठ्यात जायची आणि दावणीच्या दगडावर मुठी आपटायची. घरात तिनं अर्धशिशी म्हणून सांगितलं होतं. खरं नाव सांगितलं नाही, कारण सुकन्याचं घोडेगावच्या एका घरी ठरत आलं होतं, आणि मुलीच्या आईला रात्री झटके येतात हे कळल्यावर कुठलं घर पुढं सरकतं? "पोरीच्या अंगावर अक्षता पडू द्या, दादा," ती म्हणाली होती. "मग मी चावडीवर उभी ऱ्हाऊन सांगन."

दुखणं उठल्यावर माणसाला लिहिता येत नाही. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यात पाणी, पाय थांबत नाहीत. म्हणून ग्रुपात एकच शब्द ठरला, 'हाय'. ज्याचं उठलं त्यानं 'हाय' लिहायचं. जो जागा असेल त्यानं 'हाय' म्हणून उत्तर द्यायचं आणि मग दर पाच मिनिटांनी तेच पाठवत राहायचं, समोरून 'गेलं' येईपर्यंत. दुसरं काही लिहायचं नाही. 'काळजी घ्या' नाही, हात जोडल्याचं चित्र नाही. नगरकडच्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. दुखणं हाय. मी हाय. विजयमाला आणि योहान यांची घड्याळं शेजारी-शेजारी असल्यामुळं त्या दोघांची जोडी आपोआपच लागली, आणि ग्रुपात सगळ्यांचे फोन वाजायला नकोत म्हणून ती दोघं वेगळं पाठवू लागली. दोनला ती जागी, तीनला तो.

आता मार्ककडं येऊ. मार्कनं तरुणपणी दोन वर्षं पुण्यात काढली होती आणि येताना 'हाय' तिकडंच टाकून 'आहे' घेऊन आला होता. 'न्हाई' म्हणणाऱ्या माणसाशी बोलताना तो जरा मागं सरकून उभा राहायचा. त्याची आई एस्तेरबाई अजून 'हाय' आणि 'व्हय'च बोलायची, म्हणून पाहुण्यांपुढं तो तिला फारसं बोलू द्यायचा नाही. एक 'हाय' मात्र त्यानं ठेवला होता, इंग्रजी. सकाळी स्टोअर उघडताना पोरांकडं बघून हात वर करून म्हणायचा तो.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी हॉलमध्ये वायरिंगचं काम चाललं होतं. योहान शिडीवर होता आणि त्याचा फोन खाली चार्जिंगला. फोनला कुलूप नव्हतं. दुखणं चढल्यावर कुलपाचा पॅटर्न काढता येत नाही म्हणून त्यानं ते काढून टाकलं होतं. मार्कनं वेळ बघायला म्हणून फोन उचलला. वेळ त्याच्या मनगटावरही होती.

'वि. सोनई' असं नाव, शेजारच्या छोट्या फोटोत डोक्यावरून पदर. खाली रांगच.

रात्री २.०१, हाय. २.०२, हाय. २.०७, हाय. २.१२, हाय. असंच पुढं. २.४०, गेलं. मग ३.०४, हाय. ३.०४, हाय. ३.०९, हाय.

मार्कनं स्वतःच्या फोननं त्याचे अकरा फोटो काढले. त्या संध्याकाळी तो इतका प्रसन्न होता की घरी जाताना आईसाठी भेळ घेऊन गेला.

मार्कनं तक्रार केली, योहानाला निरोप गेला, आणि पंच कमिटीची बैठक रविवारी उपासनेनंतर, साडेबाराला, नव्या हॉलमध्येच ठरली. वेळ मार्कनं सुचवली. एकला याचा डोळा लाल होतो हे त्याला माहीत होतं. मंडळीसमोर लाल झाला की दारू आणि बाई एकाच बैठकीत उरकणार होती.

"अहो, सरळ सांगून टाका ना," शनिवारी फिलोमिना म्हणाली. तिला ग्रुपातलं सगळं माहीत होतं. पहिली दोन वर्षं रात्री त्याच्याबरोबर तीच चालली होती. "ती बी आजारी हाय, तिचंबी तेच हाय म्हणावं. संपलं."

"आणि सोनईत सकाळी बातमी. कमिटीतल्या आबासाहेबांची मुलगी तिथंच दिलीय. सुकन्याचं ठरत आलंय."

"मग दगडावर मार्कचं नाव बघत बसा जन्मभर."

योहान दवाखान्याची फाईल पिशवीत भरू लागला. फिलोमिनानं बाहेर जाऊन कानिफनाथला फोन लावला. "उद्या एकला सिलिंडर घेऊन या, भाऊ. एकटे असत्यात ते तिथं." कानिफनाथनं 'उद्या एकला दादांकडं चाललोय' एवढं ग्रुपात टाकलं.

बैठकीला नऊ पंच. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे टेबल, भिंतीत कोनशिलेसाठी सोडलेली चौकोनी जागा. आबासाहेब साळवे, सेवानिवृत्त मास्तर, इतिवृत्त लिहायला बसलेले. मागच्या बाकावर काही बायका, त्यांत फिलोमिना आणि मार्कची आई. एस्तेरबाईला कमिटीत जागा नव्हती, पण घरी जेवण तयार होतं आणि लेकाला घेतल्याशिवाय ती जाणार नव्हती.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मग मार्क उठला आणि दुःखी चेहरा केला. तो त्याला चांगला जमायचा.

"मला हे बोलताना यातना होत आहेत," तो म्हणाला. "पण मंडळी मोठी, भाऊ नंतर."

आधी दारू झाली. योहानानं पिशवीतून दवाखान्याची फाईल काढून टेबलावर ठेवली. पाळकसाहेबांनी चार पानं उलटली, डॉक्टरीणबाईंची सही पाहिली आणि मान डोलावली. कमिटीची जरा निराशा झाली.

"ठीक आहे, आजार आहे," मार्क म्हणाला. "कागद आजाराचा आहे, बाईचा नाही. पाळकसाहेब, हे वाचा."

पाळकसाहेबांनी चष्मा पुसून मार्कच्या फोनवरचे फोटो पाहिले. "हाय," त्यांनी वाचलं. "हाय. हाय. हाय. गेलं." ते थांबले. "गेलं म्हणजे काय गेलं?"

"नवरा गेला. झोपायला."

"नवरा असता तर 'गेले' लिहिलं असतं, मार्क. निदान 'गेला'. हे नपुंसकलिंगी आहे."

"सोनईकडची भाषा अशुद्ध असते, साहेब."

मागून कोणीतरी हसलं. पाळकसाहेब हसले नाहीत. "योहान, ही बाई कोण?"

"माझ्यासारखीच आजारी," योहान म्हणाला. "सोबत करतो आम्ही एकमेकांना."

"रात्री दोनला सोबत!" मार्क म्हणाला.

"दुखणं दोनला येतं. दुपारी करता आली असती तर दुपारी केली असती."

"नाव सांग की मग. तिच्या नवऱ्याला फोन करू, खात्री करू. तुझ्याच भल्याचं आहे."

"नाव नाही सांगायचं."

आबासाहेबांनी मान वर केली. "काय लिहू? नाव सांगण्यास नकार, असं लिहू?"

"लिहा."

पाळकसाहेबांनी मोठा श्वास सोडला. "योहान, नाव सांगितलंस तर हा विषय इथंच संपेल. नाही सांगितलंस तर कमिटीला तुझा राजीनामा घ्यावा लागेल. प्रभुभोजनाच्या भाकरीपासूनही मग काही दिवस दूर..." त्यांनी वाक्य अर्धंच ठेवलं. "फोन टेबलावर ठेव, बाबा. विचार कर."

योहानानं फोन टेबलावर ठेवला. भिंतीतल्या रिकाम्या चौकोनाकडं एकदा पाहिलं. मग घड्याळाकडं. एक वाजून आठ मिनिटं.

"नाही सांगणार," तो म्हणाला आणि उठून उभा राहिला, कारण बसणं आता शक्य नव्हतं.

एक वाजून दहा मिनिटांनी त्यानं खुर्चीची पाठ धरली. मग ती सोडून भिंतीकडं गेला, परत आला, परत गेला. उजव्या डोळ्यातून धार लागली, पापणी खाली आली. कोनशिलेच्या चौकोनाला कपाळ टेकवून तो घशातून जनावरासारखा आवाज काढू लागला. नऊ पंच आपापल्या खुर्च्या मागं ओढायला लागले.

"बघा, बघा डोळा," मार्क म्हणाला, पण आवाज तेवढा चढला नाही.

एकानं जिलबीचं नाव काढलं. दुसरा म्हणाला, "तोंडाचा वास घ्या." तिसरा प्रार्थनेला उभा राहिला, हात पुढं करून. तेवढ्यात दारातून कानिफनाथ आत आला, खांद्यावर सिलिंडर, गळ्यात मास्क.

"सरका, सरका! हात लावू नका त्यास्नी!" तो ओरडला. "प्रार्थना बाहेर जाऊन करा, देवाला तिथून बी ऐकू येतं." त्यानं योहानाला भिंतीपासून ओढून पायरीवर बसवलं, मास्क लावला, चावी फिरवली. पिशवी फुगली.

टेबलावरचा फोन वाजला.

मार्कनं झडप घातली. पडद्यावर 'वि. सोनई'. खाली एक शब्द.

"भर दुपारी!" मार्क जवळजवळ आनंदानं म्हणाला. "कमिटी बसलेली असताना! साहेब, हे बघा. 'हाय' म्हणतेय!"

"काय म्हंतीय?" मागून एस्तेरबाईनं विचारलं.

"हाय म्हणतेय, आई. हाय!"

"व्हय, हाय म्हंतीय." एस्तेरबाई काठी टेकत पुढं आली. "मंग हाय आसंल ती तिथं. त्यात बोंबलायला काय झालं?"

"आई, तसं नाही. हाय म्हणजे इंग्रजी... हॅलोसारखं. लाडानं."

"आरं मारक्या, सोनईची बाई नगरच्या गड्याशी विंग्रजी कशाला बोलंल? हाय म्हंजी हाय! तुझा बाप दवाखान्यात हुता तवा रातच्याला मला हाक मारायचा, हायीस का गं? म्या म्हणायची, हाय. ते काय लाडानं व्हतं व्हय?"

पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. पुन्हा तोच शब्द. आता मार्ककडं बघणारे चेहरे बदलले होते आणि ते त्याला कळत होतं. माणसाचा संशय हातातून निसटायला लागला की तो जास्त घट्ट धरतो. त्यानं सरळ त्या नंबरावर फोन लावला आणि आवाज मोठा केला.

पायरीवरून योहानानं मास्कमधून काहीतरी ओरडून हात उंचावला. कानिफनाथनं त्याला खाली दाबलं.

"दादा?" पलीकडून बाईचा आवाज. मागं डब्यांचा खणखणाट. "बोलू नका, दादा. हाय मी."

"मी मंडळीच्या पंच कमिटीतून बोलतोय," मार्क म्हणाला. "नऊ माणसं ऐकताहेत. तुम्ही कोण? आणि रात्री दोन वाजता परपुरुषाला मेसेज कशासाठी करता?"

पलीकडं डब्यांचा आवाज थांबला. तिला फोन ठेवता आला असता. ठेवला असता तर कोणीही तिला नाव ठेवलं नसतं, कारण नावच कोणाला माहीत नव्हतं.

"किती वाजले?" ती म्हणाली.

"काय?"

"एक वाजून किती?"

"सतरा," मार्क गोंधळून म्हणाला.

"मंजी अजून चढतंय. मास्क लावलाय का? कानिफभाऊ आलेत का तिथं?"

"हाय, ताई," कानिफनाथ ओरडला. "पन तुमी ठिवा फोन. ठिवा!"

तिनं फोन ठेवला नाही. "दादांनी माझं नाव सांगितलं न्हाई व्हय?"

"न्हाई," फिलोमिना म्हणाली. "राजीनामा द्यायला निघालेत, पन सांगत न्हाईत."

"मंग मीच सांगते. लिवून घ्या. विजयमाला वाल्मिक कोरडे, सोनई. डेअरीच्या मागचं घर. मलाबी ह्येच दुखणं हाय, डाव्या डोळ्याला. मला तीनला येतं. दोनला मी जागी आसते ती दादांसाठी, तीनला दादा जागे आसत्यात ते माझ्यासाठी. माझ्या नवऱ्याला इचारायचं आसंल तर इचारा, पन त्याला काय म्हाईत न्हाई. तो झोपलेला आसतो." मग आवाज खाली आला. "आता ठिवते. दादांचं गेलं की 'गेलं' म्हणून टाका."

आबासाहेबांनी सवयीनं सगळं लिहून घेतलं होतं. पूर्ण नाव, गाव, डेअरीच्या मागचं घर.

योहानाचं दोनला पाच कमी असताना गेलं. 'गेलं' एवढं कानिफनाथनं टाइप केलं. कमिटीनं एकमतानं योहानाला निर्दोष ठरवलं, चहा आला, त्याबरोबर केक. पाळकसाहेबांनी बायबलातला प्रीतीचा अध्याय वाचला. मार्क उठून म्हणाला, "गैरसमज झाला," आणि योहानाला मिठी मारली. मिठीत योहानाचे हात खालीच होते. भावाभावांत कटुता राहू नये म्हणून कमिटीनं त्याच बैठकीत सहसेक्रेटरी हे नवं पद काढलं आणि मार्कला दिलं. या मंडळीत चूक कबूल करणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत.

आबासाहेबांनी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांनी संध्याकाळी सोनईला मुलीला फोन केला तो निव्वळ कौतुकानं. "काय धीराची बाई गं! इतके झटके येतात रात्री, तरी दुसऱ्यासाठी जागते!" मुलीनं ते कौतुक शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं डेअरीच्या रांगेत. मंगळवारपर्यंत ते कौतुक घोडेगावला पोचलं; तिथं पोचेपर्यंत त्यातला धीर गळून पडला होता आणि झटके उरले होते. बुधवारी घोडेगावच्या पाहुण्यांचा निरोप आला, मुलीलाही पुढं येणार नाही कशावरून?

बुधवारी रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी विजयमालेचा मेसेज आला. 'मोडलं.' योहान येरझारा घालत होता, डोळ्यात सळई होती. उपाय सांगायचा नाही हा नियम त्यानंच केला होता, आणि आता पहिल्यांदा त्याला एखादा उपाय सांगावासा वाटला, पण त्याच्याजवळ एकही नव्हता. त्यानं 'हाय' लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा लिहिलं. त्याचं दुखणं गेलं, तिचं तीनला आलं, साडेचारला गेलं, तरी तो पाठवत राहिला. उजाडता तिनं लिहिलं, 'झोपा आता, दादा.'

आता कोणाला काय मिळालं आणि कोणी भरलं, ते सांगून टाकू. मार्कला दगड मिळाला. सेक्रेटरी दोन, तेव्हा नावं वर्णानुक्रमे घ्यावीत असं त्यानंच सुचवलं, आणि म हे अक्षर य च्या आधी येतं. योहानाला अब्रू परत मिळाली, मार्कच्या खालच्या ओळीत, एक इंची अक्षरांत. शिवाय दुखणं जाहीर झाल्यामुळं बावीस नवे उपाय, त्यांत जिलबी पाच वेळा. कमिटीला सत्य मिळालं, केकबरोबर. आबासाहेबांना पंधरा दिवस पुरेल एवढी गोष्ट मिळाली. वाल्मिक बायकोवर रागावला, "मला उठवायचं ना!" म्हणाला, आणि गुरुवारी रात्री तीनला ती गोठ्यात गेली तेव्हा घोरत होता. एस्तेरबाईला काही मिळालं नाही. पाहुण्यांपुढं तिला आता मुळीच बोलू देत नाहीत.

आणि भरलं सुकन्यानं. साखरपुड्याची साडी तिनं स्वतः जाऊन निवडली होती, मोरपंखी. ती आता पेटीत आहे. आईला ती एवढंच म्हणाली, "ती नऊ माणसं ऐकायच्या आधी मी ऐकायला नको व्हतं का?" योहानाच्या अब्रूच्या बदल्यात हे लग्न, असा सौदा त्या फोनवर झाला तेव्हा सुकन्या घरी नव्हती. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिच्या नावावर सही केली ती तिच्या आईनं.